सहाव्या ग्रहाचा रकाना

१ डिसेंबर

सायलीनं वही माझ्या हातात दिली. सहा ग्रह, सहा प्रकारचे जीव, दोनशे पानं. "ताई, तू सायन्सची. खरं काय ते सांग."

आप्पांनी अट घातलीय — मी वही पास केली तर धाकटी लेखनाच्या कोर्सला पुण्याला जाणार. नाहीतर महिनाअखेर खुटबावची मंडळी तिला बघायला येणार.

आज अमावस्या. आईनं विहिरीवर साती आसरांना नैवेद्य ठेवला, आम्ही कोणी घास घेण्याआधी. त्यांनी आधी खाल्लं म्हंजी घर शांत राहतं, म्हणे.

४ डिसेंबर

फर्स्ट शिफ्ट. कुरकुंभच्या कंपनीच्या बसमध्ये चाळीस पानं झाली. पहिल्या ग्रहावर पाण्याखाली सात बहिणी राहतात, परक्याला आत ओढतात. त्यांना कल्ले आहेत, एवढाच फरक! मग दिवसभर लॅबमध्ये पांढरा कोट, हातमोजे, मालाचे नमुने पास-नापास.

आमटीत मीठ कमी. सांगितलं.

७ डिसेंबर

तक्ता केला. डावीकडे ग्रह, उजवीकडे मूळ.

पहिला — आसरा. दुसऱ्यावरचे झाडाला उलटे लटकून प्रश्न विचारतात — वेताळ. तिसऱ्यावरचे कधीच मोठे होत नाहीत, एकाच झाडावर राहतात — मुंजा. चौथा, जमिनीखाली धातू राखणारे — यक्ष. पाचवा, टोकदार कान, हजार वर्षं आयुष्य, जंगल — इंग्रजी पिक्चरमधले परीलोकातले एल्फ. हेल्मेट घातलं, यान दिलं, की झाले परग्रहवासी. वेताळाच्या अंगात कार्बनऐवजी सिलिकॉन घातलं तरी तो वेताळच. लेबल नवं, माल तोच.

सहाव्याचा रकाना रिकामा राहिला. पांढऱ्या कातडीचे जीव. हातांवर आणखी एक कातडी, कुणाला स्पर्श करत नाहीत. भेटायला आलेल्याचा आधी नमुना घेतात, मग 'हो' किंवा 'नाही' एवढंच बोलतात. आवाज कधी चढत नाही. ते घरात आले की बाकीचे हळू बोलतात. असा जीव मी कुठल्याच गोष्टीत वाचलेला नाही.

८ डिसेंबर

रविवार. तक्ता सगळ्यांसमोर वाचला. वेताळापर्यंत सायली हसत होती. यक्षापाशी थांबली.

मग म्हणाली, "नवं कुणालाच सुचत नसतं, ताई. घरात ज्याची भीती वाटते, त्यालाच माणूस आभाळात पाठवतो."

मी म्हटलं, वाक्य चांगलं आहे. वहीत नाही.

आप्पांनी एवढंच विचारलं, "म्हंजी पास का नापास?"

सहापैकी एक. नापास.

"बरं," म्हणाले, आणि खुटबावला फोन लावला.

सहावा ग्रह अस्सल आहे, हेही सांगितलं. मोजमाप सरळ हवं. कुठून सुचला, विचारलं. सायलीनं आईकडे बघितलं. आई भाकरी थापायला उठली.

१३ डिसेंबर

शेवंतीची तोड. सायलीनं वहीची पानं फाडून क्रेटमध्ये फुलांखाली अंथरली. एकेक, नीट, सुरकुती न पाडता. पाच ग्रह टेम्पोत बसून गुलटेकडीच्या फुलबाजारात गेले.

सहाव्याची चार पानं माझ्या डब्याखाली ठेवलेली. वर चिठ्ठी — "ही तुझी."

बक्षीस दिलं असावं. अस्सल म्हटलं होतं ना!

२९ डिसेंबर

खुटबावची मंडळी येऊन गेली. मुलगा सुदर्शन. पसंती लगेच.

त्याच्या मामांनी विचारलं, पोरगी काहीतरी लिहिते म्हणं?

आई म्हणाली, "लिहायची. आता न्हाई."

सायली चहाचे कप उचलत होती. एकही वाजला नाही.

३० डिसेंबर

अमावस्या. शिफ्टवरून आले, विहिरीवरचा नैवेद्य ठेवून झाला होता. घरात फक्त माझं ताट वाढलेलं. कोणी जेवलं नव्हतं. रोज असंच असतं. मी दमून येते म्हणून, असं धरून चालले होते.

आज विचारलं, तुम्ही का थांबता?

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू आधी खाल्लं म्हंजी घर शांत राहतं."

आमटीत मीठ कमी होतं. सांगितलं नाही.