चौतीस इंचांचा माणूस

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (डॉक्टरांनी मला वाकायला मनाई केली आहे, तेव्हा हा नमस्कार उभ्यानेच घातला आहे असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला गेला की अजून तुझ्या शिलाई मशीनला साथ देतो आहे? इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं तर मी मुळापासून हादरलो आहे. तीन दिवस मी घरात कोणाशीही वाद घातलेला नाही, त्यामुळे घरचेही हादरले आहेत.

झालं असं. येत्या रविवारी वाचनालयाच्या सभागृहात माझं भाषण आहे. विषय, 'माणूस ही मोजायची वस्तू नाही'. दोन तास उभं राहायचं म्हटल्यावर डॉक्टर म्हणाले, कमरेला तो नवा आधाराचा पट्टा बांधा, नाहीतर मंचावर पाऊल ठेवायचं नाही. पट्टा साधासुधा नाही. माणूस वाकला की तो थरथरतो आणि शिट्टी मारतो. (उभ्या आयुष्यात कोणापुढे न वाकलेल्या माणसावर हा पहारा!) तो मापाचा मागवावा लागतो आणि ते माप, ऐक, फोन घेतो. सूनबाईने फोन माझ्यासमोर धरला. त्यात आमची बैठकीची खोली जशीच्या तशी दिसत होती, कपाट, खुर्ची, घड्याळ, मधोमध मी, आणि माझ्याभोवती हिरवी कडी तरंगत होती. मी मान खाली घालून पाहिलं तर कडी नाहीत. फोनमध्ये पाहिलं तर मी लोखंडी पट्ट्या ठोकलेलं पिंप.

अटी भयंकर होत्या. हात अंगापासून लांब, हलायचं नाही, बोलायचं नाही. "बाबा, फक्त वीस सेकंद," सूनबाई म्हणाली. मालकांनी, पोलिसांनी, खुद्द माझ्या युनियनने जे करून पाहिलं आणि त्यांना जमलं नाही, ते हा फोन मागत होता! चार वेळा नवव्या सेकंदाला माझी तर्जनी आपोआप वर गेली आणि फोनने मला परत उभं केलं. शिवाय अंदाजासाठी छातीशी बँकेचं कार्ड धरायचं होतं, कारण ती सगळी एकाच आकाराची असतात म्हणे. यंत्राला मी बँकेचं कार्ड दाखवू? तत्त्व म्हणून नकार दिला आणि वाचनालयाचं आजीव सभासदाचं कार्ड धरलं, जे पोस्टकार्डाएवढं आहे. फोनने ते बँकेचं समजून त्या बेताने उरलेल्या मला आखूड केलं. उंची तीन फूट चार इंच. कंबर चोवीस.

"बाबा, पुन्हा घेऊया," सूनबाई म्हणाली. मी म्हटलं, मुळीच नाही, हेच माप पाठव, यंत्राचं पितळ उघडं पडू दे. पट्टा आला तो माझ्या उजव्या मांडीला बसला. मी खुर्चीत टेकलो की शिट्टी, उठलो की शिट्टी. शेजारीण दोनदा कुकर बंद करायला धावली.

मला तर हत्यारच मिळालं. त्याच दिवशी मी दोनशे पत्रकं छापून वाटली: रविवारी मंचावर यंत्र आणि माझी ताई समोरासमोर! चाळीस वर्षं कपडे शिवणारा हात एकीकडे, फोन दुसरीकडे, आणि कंबर माझी. खाली ठळक अक्षरांत, 'हाताचं माप: चौतीस इंच. वीस वर्षांत बदल नाही.' (तुला विचारायचं राहिलं. ते आता विचारलं असं समज.)

मग दुसरा पट्टा मागवायला तुझ्या भावजयीने स्वतःचं बँकेचं कार्ड माझ्या हातात कोंबलं. उंची पाच फूट नऊ. बिनचूक. कंबर एकेचाळीस.

मी गरजलो. खोटं! माझ्या ताईची टेप वीस वर्षं चौतीस सांगते आहे! त्यावर ही उठली. आत गेली, तू शिवलेल्या माझ्या सगळ्या पँटी आणल्या आणि कमरपट्ट्या उलट्या करून माझ्यासमोर मांडल्या. तू प्रत्येकीत आतून निळ्या दोऱ्याने आकडा घालतेस ना? चौतीस, छत्तीस, अडतीस, एकोणचाळीस, एकेचाळीस. ताई, इतकी वर्षं मी तो गिऱ्हाइकाचा नंबर समजत होतो! तुझं दुकान हळूहळू वाढतं आहे म्हणून मला बरंसुद्धा वाटायचं.

"वन्सं तुम्हाला ऐकवतात एक आणि कापतात एक," ही म्हणाली. "सगळ्या घराला माहीत आहे."

सगळ्या घराला! ज्या हाताच्या भरवशावर मी यंत्राला आव्हान दिलं, तो हात वीस वर्षं खोटं बोलत होता, आणि खरं बोललं ते फोनने. मग मला ती छत्तीसची पँट आठवली. संप मोडला, नोकरी गेली, लोक रस्ता ओलांडून पलीकडे जायला लागले, त्या महिन्यातली. तू टेप गुंडाळत म्हणाली होतीस, "चौतीस. तू आहेस तसाच आहेस." त्या एका वाक्यावर मी पुढची सगळी भाषणं केली आहेत. हे फोनला कधी सुचलं असतं का? पण सत्य ते सत्य. रविवारी तू मंचावर ये, टेप लाव आणि खरा आकडा खणखणीत आवाजात वाच. माझी कंबर उघडी पडली तरी चालेल, तत्त्व झाकलं जाता कामा नये.

तुझा,
धाकटा भाऊ

ता. क. 'खणखणीत' हा शब्द भाषणाच्या सवयीने आला. माइक माझ्याजवळच असेल. तू बेताने बोललीस तरी चालेल.

ता. क. २. पहिल्या रांगेत विहीणबाई आणि माझे जुने मालक बसणार आहेत.

ता. क. ३. सोबत एक टेप पाठवतो आहे. एकच्या आकड्याआधी सात इंचांची कोरी पट्टी जोडली आहे. टाके माझे आहेत, कच्चे आहेत. येताना पक्की शिवण घालून आण.