झांजेवर बसवलेला वॉल्ट्झ

॥ श्री ॥
साखळी,
ता. ९ जून २०२४

चि. विनायक यास ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर आपण भाऊ-बहीण तिसऱ्या मिनिटाला भांडतो, म्हणून हे पत्र. कागदावर निदान एकाचं पुरं झाल्यावर दुसऱ्याचं सुरू होतं.

तुझ्या समीक्षाला चेन्नईच्या संगीतशाळेचं बोलावणं आलं, हे मला तुझ्याकडून नाही, तिच्याकडून कळलं. असो. पियानोची एकच जागा, राहण्याजेवणासकट, आणि त्यासाठी नोव्हेंबरात पणजीला परीक्षकांपुढे वाजवायचं. एकोणीस सरलं की ते घेत नाहीत, म्हणजे पोरीला ही एकच संधी. आपल्या घरात वाद्यं वाजवणारे पुष्कळ झाले, पण वाद्याच्या बळावर बाहेर पडलेलं कुणी नाही. मी पडणार होते, तर लग्न ठरलं. निदान तिने तरी जावं.

चार छोटे वॉल्ट्झ वाजवायचेत म्हणाली. म्हापशाला मिस अर्मिंदांकडे मी शिकायला जायचे, तेव्हा ते पहिल्यांदा ऐकले. दोन पानांचा जीव, दीड मिनिटात खलास. डाव्या हाताचा एक ठोका खाली, दोन हलके वर. ताल नाचाचा, पण त्यावर नाचत कुणी नाही, बसून ऐकतात. मला ते ऐकताना निघता निघता उंबऱ्यात घुटमळणारं माणूस दिसायचं. अजून दिसतं.

सात वर्षं मी तिला शिकवलं. दोन वर्षांमागे, पोरीला पार्से ते साखळी खेप पडते म्हणून, खाणीवरचा रिकामा टिपर आणून तू माझा पियानो उचलून नेलास. कारण खरं होतं, पण एका शब्दाने विचारलंस? त्या जागी आता ह्यांनी फ्रीज ठेवलाय. तेव्हा शिकवण्याबाबत मी अवाक्षर काढणार नाही. ज्याच्या घरी पियानो, त्याच्याच घरी अक्कल असणार.

समीक्षाला माझा पापा. रागावले असले तरी माया आहे, ती तूही पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
कमलाक्षीताई


॥ श्री ॥
पार्से, पेडणे,
ता. २ ऑगस्ट २०२४

ती. ताईस विनायकचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पावलं. बोलणीही पावली, ती व्याजासकट ठेवून घेतली. इकडे सर्व खुशाल आहे. दशावताराचा हंगाम नसल्यामुळे मी घरीच आहे आणि सगळा वेळ समीक्षाच्या मागे लागलो आहे.

तिची एक खोड सापडली. प्रत्येक वॉल्ट्झमध्ये पहिली चाल परत यायच्या तोंडावर ती रेंगाळते. तिसरी मात्रा लांबते आणि पुढची उशिरा पडते. मी टोकलं तर म्हणाली की तिथे थोडं थांबायचंच असतं, आत्याने तसंच शिकवलंय. मी म्हटलं, आत्याचं वाजवणं लग्नानंतर सुटलं, हाताला गंज चढला असेल. रागावू नकोस, थट्टा केली. पण ताई, मी पंचवीस वर्षं दशावतारात झांज वाजवतोय. राजा भाषणात रंगला काय आणि राक्षसाला धाप लागली काय, झांज थांबत नाही. ती थांबली की नाटक पडलं. हा वॉल्ट्झ म्हणजे तरी काय, दादराच की! धा धी ना, धा ती ना.

तेव्हा रोज सकाळी जनेलाच्या उजेडात कदेल ओढून बसतो, झांजेला फडकं गुंडाळतो आणि तिच्या डाव्या हाताबरोबर वाजवतो. पहिले आठ दिवस रडली. आता एक मात्रा इकडची तिकडे होत नाही. पाव द्यायला येणारा पोदेर सायकल टेकवून ऐकतो आणि मान हलवतो. परवा तर पायाने ठेका धरला त्याने.

तिचं वाजवणं तुझ्या फोनवर पाठवलंय. तुझ्यासारखा कान आमच्यात कुणाला नाही, हे मी भांडणातही कबूल करतो. काही उणं वाटलं तर स्पष्ट लिही. अजून तीन महिने हातात आहेत. माझ्या मानपानाचं सोड, पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे.

तुझ्या रागालाही आम्ही आशीर्वादच समजतो, तो चालू राहू दे.

तुझा,
विनायक


॥ श्री ॥
साखळी,
ता. २१ ऑगस्ट २०२४

चि. विनायक यास अनेक आशीर्वाद.

वाजवणं ऐकलं. हात स्वच्छ आहे, सूर जागच्या जागी आहेत. तू मेहनत घेतलीस ती कळते. घरात झांजवाला असताना गंजलेल्या हाताच्या बाईने आणखी काय सांगायचं?

ह्यांचा गुडघा पुन्हा धरलाय, तरी गणपतीवर बांधायच्या माटोळीची फळं-पानं आणायला मीच जाणार म्हणून हटून बसलेत. चवथीच्या नेवऱ्या तळून ठेवीन. समीक्षाला पाठव, नाहीतर त्याही तालात खाव्या लागतील म्हणून येणार नाही.

परीक्षा झाली की पियानो परत पाठवावा. पोर चेन्नईला गेल्यावर तू त्याच्यावर काय झांज ठेवणार?

सर्वांना आशीर्वाद. आमची आठवण असली तर बरं.

कमलाक्षीताई


॥ श्री ॥
पार्से,
ता. २५ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस सा. न. वि. वि.

समीक्षाला घेतलं नाही. जागा दुसऱ्या कुणाला गेली.

मी बाहेर बाकावर बसलो होतो. दाराआडून ऐकू येत होतं. चारही वॉल्ट्झ सरळ गेले, कुठे चूक नाही. चौथा तर तिने दोनदा वाजवला, मला वाटलं त्यांना आवडला म्हणून पुन्हा मागितला. पेढे खिशात होते. येताना बसमध्ये पेडण्यापर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मी विचारलं, तर तिने डोकं काचेला टेकलं. मी रागावलो. मी रागवायला नको होतं.

काल त्यांचं पत्र आलं. त्यात लिहिलंय की मुलीची बोटं तयार आहेत, पण वाजवण्यात श्वास नाही. जिथे ऐकणाऱ्याला क्षणभर ताटकळत ठेवायचं, तिथे ती थांबतच नाही. असं वाजवणं नाचणाऱ्यांच्या उपयोगाचं आहे, ऐकणाऱ्यांच्या नाही. तिने ते वाचलं आणि घडी घालून माझ्यापुढे ठेवलं.

ताई, ती खोड नव्हती. तीच तर वस्तू होती, आणि मी ती तीन महिने बसून ठोकून काढली. दशावतारी मंडळींतले लोक हंगामाची सुपारी घेऊन आले होते, मी त्यांना यंदा येत नाही म्हणून सांगितलं. झांज हातात धरवत नाही.

एक विचारायचं आहे. ऑगस्टमध्ये तू ऐकलं होतंस. तुलाही कळलं नव्हतं का? नव्हतं असं लिहिलंस तर मला बरं वाटेल.

विनायक


॥ श्री ॥
साखळी,
ता. २ डिसेंबर २०२४

चि. विनायक यास आशीर्वाद.

कळलं होतं.

मी ते चारदा ऐकलं. पहिल्याच खेपेला ओळखलं. सात वर्षं मी तिला सूर कमी आणि थांबणं जास्त शिकवलं होतं, आणि त्यातलं काही शिल्लक नव्हतं. तुला लिहायला बसले, दोन ओळी लिहिल्या आणि फाडल्या. गंजाचा शब्द डोळ्यांपुढून हलेना. वाटलं, पडू दे याला एकदा तोंडघशी, मग येईल विचारत. तू विचारतच होतास, हेसुद्धा मला त्या वेळी दिसलं नाही. तुझी जिरावी एवढंच मनात होतं. पोर मधे उभी आहे याचं भान राहिलं नाही.

ह्यांना सांगितलं. ते जेवण टाकून उठले.

समीक्षाला माझ्याकडे पाठव. मी पुन्हा बसवते तिला, पहिल्यापासून. पियानो राहू दे तिथेच, मीच येईन पार्शाला, रोज येईन. मला एवढं करू दे रे.

मोठी म्हणून आशीर्वाद लिहिते, पण या वेळी मीच तुमच्यापुढे हात जोडते.

कमलाक्षी


॥ श्री ॥
पार्से,
ता. १५ डिसेंबर २०२४

ती. आत्यास समीक्षाचा सा. न. वि. वि.

बाबांनी तुझी सगळी पत्रं मला वाचायला दिली. त्यांची तुला गेलेली पत्रं काय होती, ते त्यांनी तोंडी सांगितलं. सांगताना काही लपवलं नाही.

त्यांना माहीत नाही ते तुला लिहिते. चौथा वॉल्ट्झ मला दोनदा वाजवायला लावला तो आवडला म्हणून नव्हे. परीक्षकांतल्या एक बाई उठून माझ्याजवळ आल्या आणि मायेने म्हणाल्या की पुन्हा वाजव, आणि तुला वाटेल तिथे वाटेल तेवढी थांब, घाई नाही. मला तर पहिल्यापासून थांबायचंच होतं. ती जागा आली, मी हात उचलला, आणि कानात झांज वाजली. हात आपोआप पुढे गेला. तीन वेळा ती जागा आली आणि तीनही वेळा हात पुढे गेला. त्या बाई खाली मान घालून जागेवर जाऊन बसल्या. म्हणून तू रोज आलीस तरी उपयोग नाही. घरी मी खूप करून पाहिलं आहे.

गेल्या शनिवारपासून मांद्र्याच्या एका हॉटेलात जेवणाच्या वेळी वाजवते. तिथे माझे वॉल्ट्झ सगळ्यांना आवडतात. आधीचा वाजवणारा मधेच रेंगाळायचा, म्हणे, आणि नाचणाऱ्यांचे पाय अडकायचे. माझ्या तालावर कुणाचा पाय अडकत नाही. मॅनेजरने महिन्याभरासाठी ठरवलं होतं, आता वर्षभर राहा म्हणतो.

पियानो पुढच्या आठवड्यात तुझ्याकडे पोचेल. मला घरी लागत नाही. काकांना नमस्कार सांग, त्यांना म्हणावं जेवत जा.

बाबा रोज माझ्याकडे बघतात आणि नजर फिरवतात. मी त्यांना सांगितलं की माझ्या मनात काही नाही, आणि ते खरं आहे. माझं थांबणं गेलं ते त्यांना ऐकूच येत नव्हतं.

तुला येत होतं.

समीक्षा