पोच न आलेला मेसेज

३ नोव्हेंबर, सकाळ
बायको बहिणीकडे जाऊन आज बारा दिवस. आठ म्हणाली होती. निघताना म्हणाली, तुला सांगून काही उपयोग नाही. म्हणजे तिकडून इकडे येणारा सिग्नल कमजोर. काल मेसेज केला: 'कधी येतेस? कपड्यांच्या मशीनचं कुठलं बटण दाबायचं?' पोच नाही.

४ नोव्हेंबर
अजून नाही. वीस वर्षं वायरलेसमध्ये काढली आहेत, असल्या गोष्टीला घाबरत नाही. पोच आली नाही की तेच परत पाठवायचं. तीनदा पाठवलं.

६ नोव्हेंबर
ऑफिसात साहेबांना समजावलं. गोंगाटातून भरभर पाठवलं की चुका होतात. तेच सावकाश, पुन्हा पुन्हा पाठवलं की खात्री, फक्त तेवढ्या वेळात मजकूर कमी पोचतो. साहेब म्हणाले, हे तुम्ही चौथ्यांदा सांगताय. म्हटलं, पण लक्षात राहिलं ना!
संकल्प: मेसेज छोटा करायचा. 'कधी?' एवढंच, दर तासाला.

७ नोव्हेंबर
दर तासाला जमलं नाही. मीटिंग होती. शर्ट कालचाच. फार थकवा आलाय.

९ नोव्हेंबर, दुपार
लेकीचा हॉस्टेलवरून फोन. म्हणाली, बाबा, मावशी सांगत होती, आई मेसेज वाचते आणि फोन पालथा ठेवते. मी सांगितलं, पालथा ठेवला की अँटेना झाकला जातो, आईला म्हणावं सरळ ठेव. तिने फोनच ठेवला. तिचीही लाइन खराब दिसते.

११ नोव्हेंबर
दोष आपल्या बाजूला नको म्हणून नवा राउटर बसवला. शिडीवरून उतरताना कंबर धरली. आता सगळ्या खोल्यांत फुल सिग्नल, अगदी बाथरूममध्येसुद्धा. घरात वापरणारा मी एकटा.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळ
सिग्नल मोजायचा मीटर घेऊन स्वतःच मेव्हणीकडे गेलो. बाहेरच्या खोलीत मोजलं, गॅलरीत मोजलं. कुठेच काही कमी नाही. बायको सोफ्यावर बसून बघत होती. म्हटलं, लिंक उत्तम आहे, तुझा फोन बिघडलाय. तिने फोन उघडून माझ्यासमोर धरला. माझे सत्तेचाळीस मेसेज.
म्हणाली, "सगळे पोचले. पहिल्या दिवसापासून. एकातही, तू कशी आहेस, एवढं नव्हतं."
मीटर बंद केला. पिशवीत घातला. मेव्हणीने चहा विचारला, नको म्हटलं.
घरी येऊन जिना चढताना लक्षात आलं. तिथेही तिला तेवढं विचारलं नाही. हातभर अंतरावर बसली होती.