फिटरने रिझाइन केलं

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. मी बरा आहे. जेवण वेळेवर मिळतं, खोली कोरडी आहे. आईचा गुडघा कसा आहे?

माझ्या शेजारच्या पलंगावरचा फिटर गेला. प्लांटमधल्या गळक्या व्हॉल्व्हची तक्रार आम्ही दोघांनी मिळून केली होती. सकाळी सुपरवायझर म्हणाला, "त्याने रिझाइन केलं." आपल्याकडे माणूस आधी बायकोशी भांडतो, मग साहेबाशी, आणि मग कुठे रिझाइन करतो. इथे ती बातमी दुसराच कुणीतरी सांगतो.

त्याचा चष्मा खिडकीतच होता. चष्म्याशिवाय त्याला स्वतःच्या चपला सापडत नसत. मी तो सुपरवायझरला दाखवला.

"घाईत विसरला असेल."

"घाई कसली होती?"

"तू फार चौकशा करतोस बुवा," म्हणाला आणि हसला.

दुपारी फिटरचा पलंग उचलून नेला. खोली आता ऐसपैस झाली आहे.

आज चहा देताना स्वयंपाकी हळूच म्हणाला, "तूही रिझाइन करतोयस म्हणे?"

"कोण म्हणतं?"

तो कप विसळत राहिला.

हे आईला वाचून दाखवू नकोस. थंडी पडली आहे, एवढंच सांग. पत्र सुट्टीवर निघालेल्या ड्रायव्हरच्या हाती देतो आहे.

ताई, नोकरी सोडायची झाली तर मी आधी तुला विचारीन. शाळा सोडतानाही विचारलं होतं. म्हणून मी रिझाइन केलं असं इथून कुणी कळवलं, तर "बरं" म्हणून फोन ठेवू नकोस. मी कुठे आहे ते विचार. विचारतच राहा.

तुझा,
धाकटा