तिसऱ्या डिस्कचा भोंगा

सोम., ३ नोव्हेंबर
कार्ड आलं. पुण्याहून, जुनंच, पण आपल्या मेलेल्या कार्डाच्या जातीचं. घरच्या सर्व्हरच्या चारही डिस्कचा कारभार एवढं एक कार्ड बघतं. गेल्या आठवड्यात वीज गेली-आली, त्यात ते गेलं. तेव्हापासून सर्व्हर मुका. ह्यांनी जन्मभर काढलेल्या चादरींच्या नक्ष्या आत. दुसरीकडे प्रत नाही. एकदा विचारलं होतं. म्हणाले, "चौघी आहेत की. एक गेली तरी तिघी सांभाळतात."

नरसय्याभावजी येऊन गेले. ह्यांनी त्यांच्यासाठी काढलेली मोराची चादर मागावर चढवायचीय.
"वहिनी, आमचा मोर हाय न्हवं आत?"
हाय म्हटलं. खरं कुणाला ठाऊक.

मंगळ., ४
कार्ड बसवलं. ह्यांचे दोस्त सलीमभाई, दुरुस्तीवाले, फोनवर. "भाभी, पहिले सर्व्हरच्या पेटीच्या लोखंडाला हात लावा, अंगातली वीज उतरेल, मग कार्डाला." लावला. पडद्यावर आलं की या डिस्क दुसऱ्या कार्डाच्या दिसतात. त्यांची मांडणी आत घ्यायची, का पुसायची? दोन ओळी, एकीखाली एक. काही न दाबता बंद केलं. माहितीपुस्तक शब्दकोश घेऊन पुन्हा वाचलं.

बुध., ५
सकाळी 'घ्या' दाबलं. लिनक्स उठलं, सर्व्हर सुरू झाला. नक्ष्या दिसल्या. मोरसुद्धा. चहा टाकला, तो उतू गेला.
मग कार्डाने सांगितलं, तिसरी डिस्क मेलेली. चौथी वाचताना चुकतेय.
"तिसरी आत्ता गेली का हो?"
"नाही भाभी. लई जुनी गेलेली वाटते."

गुरु., ६
सर्व्हरच्या जुन्या नोंदी उघडल्या. तिसरी गेली मागच्या फाल्गुनात. हे जायच्या दोन महिने आधी. त्याच दिवशी, खाली: भोंगा बंद. डिस्क गेली की कार्ड वाजवतं तो.

आठवलं. मी पलीकडे वाचत बसले होते. "अहो, ते टीं टीं बंद करा की. एक पान सरेना." हसले. "केलं बघ बंद." मला वाटलं, दुरुस्त केलं. नवी डिस्क आणायची राहिली असेल. तेव्हा जिना चढताना थांबायचे. विचारलं की म्हणायचे, काही नाही गं.

मी तरी पुन्हा कुठं विचारलं.

शुक्र., ७
भावजींना खरं सांगितलं. म्हणाले, "आमचा मोर पहिला काढा. बाकी तुमचं तुमी बघा." राग नव्हता, घाई होती.
सलीमभाई म्हणतात, नवी डिस्क इतक्यात नको, ती भरायला बाकीच्या तिन्ही पूर्ण वाचाव्या लागतात, त्या ताणाने चौथीही गेली तर सगळंच जाईल. आधी प्रत.
मोर पेनड्राइव्हवर उतरला. भावजींनी खिशात घातला, वरून दोनदा चाचपला. "आता तुमच्या त्या पेटीला नारळ फोडा की, वहिनी."

शनि., ८
ह्यांच्या स्वतःच्या नक्ष्या सकाळपासून उतरताहेत. चौथीच्या चुका काल बारा होत्या, आज चाळीस.
या कार्डाचाही भोंगा बंदच होता. चालू केला. लगेच वाजायला लागला. तिसरी मेलेलीच आहे.
सलीमभाईंना फोनवर ऐकू गेलं. "अरे भाभी, डोकं उठेल. बंद करा."
नाही म्हटलं.
खुर्ची पेटीशेजारी ओढली. पुस्तक घेतलं. टीं. टीं. निम्म्याच्या वर उतरलंय. चौथी अजून चालतेय.
एक पान सरलं.