रूपावलीची जाडी

सर,

एक तक्रार आहे, आणि ती तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाकडे करण्यासारखी नाही. आमच्या घरात पावडरचा एक डबा आला आहे. त्यावर मोठ्या अक्षरांत छापलंय, 'ऊंची वाढवा'. पहिला उकार दीर्घ. अनुस्वार आला की उकार ह्रस्व, हे तुम्ही आमच्याकडून शंभर शंभर वेळा लिहून घेतलं होतं, आणि इथे डब्याच्या दोन्ही बाजूंनी राजरोस दीर्घ. गोंदियाच्या दुकानदाराला मी ते बोट ठेवून दाखवलं. तो म्हणाला, "भाऊ, माल देखो ना, मात्रा क्या देखते हो." दोन महिने झाले, रोज दोन चमचे दुधातून जातात. या घरात आतापर्यंत फक्त त्या उकाराचीच उंची वाढली आहे.

पावडर माझी मुलगी घेते. तुम्ही गेलात तेव्हा ती रांगत होती, आता चोविशीत आहे. पोलीस भरतीला तिची उंची एक सेंटिमीटर कमी पडली. तो सेंटिमीटर कुठे गेला ते आपणहून ओळखू शकतील असे दोघेच. एक मी, आणि दुसरे तुम्ही.

शाळेतलं पुस्तकांचं लाकडी कपाट आठवतं ना? दिवाळीची सुट्टी संपली की तुम्ही आम्हाला एकेक करून त्याला टेकवून उभं करायचात. मी टाचा लावून, श्वास धरून उभा आहे. तुम्ही संस्कृतच्या तासाची ती रूपावली माझ्या डोक्यावर आडवी ठेवता आणि म्हणता, "डोक्यात जात नाही, निदान डोक्यावर तरी राहू दे." पोरं हसतात. पुस्तकाच्या खालच्या कडेने खडूची रेघ ओढली जाते. वर्गात माझं नाव 'ह्रस्व' पडलं होतं, तेही तुमचंच देणं. नववीत मी वाढलो नाही. दहावीतही नाही, हे मला आखूड न झालेल्या पँटवरून कळत होतं. पण त्या वर्षी रेघ वर गेली. "बघ, वाढलास," तुम्ही म्हणालात. "माणूस पंचवीस वर्षांपर्यंत वाढतो." आणि ती रूपावली मलाच देऊन टाकलीत. घरी येऊन पाहतो तर खडू पुस्तकाच्या वरच्या पुठ्ठ्याच्या कडेला लागलेला. रेघ तुम्ही वरून ओढली होती. मी कोणाला बोललो नाही. वर्षभर छाती काढून चाललो, एका पुस्तकाच्या जाडीवर.

बौद्ध मोहल्ल्यातून संस्कृत घेणारा मी एकटाच. आई म्हणायची, "कायले शिकून राहिला रे ते? आपल्या काय कामाचं?" वर्गात 'सवर्ण' हा शब्द आला की दोन-चार माना माझ्याकडे वळायच्या. तुम्ही फळ्याकडे तोंड ठेवूनच म्हणालात, "तोंडातली जागा सारखी आणि प्रयत्न सारखा, की झाले सवर्ण. ज्याला यात आणखी काही दिसतं त्यानं बाहेर जाऊन बसावं." कोणी बाहेर गेलं नाही, पण माना पुन्हा वळल्या नाहीत. पुढे माझ्या लग्नात तुम्ही नवरीला माझ्या खांद्याशी पाहिलं आणि भर मांडवात सूत्र लावलं, "ह्रस्व अधिक ह्रस्व, दीर्घ. लेकरं उंच होतील." प्रत्येक नियमाचा अपवाद सांगणारे तुम्ही, त्या दिवशी तेवढा विसरलात.

मुलगी सोळा-सतरापर्यंत वाढली आणि थांबली. तिला मी स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकवून मोजत असे, तुमच्याच रूपावलीने, पेन्सिलने. ज्या वर्षी ती थांबली त्या वर्षी तिनं मान वर न करता विचारलं, "वाढली का, बाबा?" मी पुस्तकाच्या वरून रेघ ओढली आणि म्हणालो, "वाढली." एवढंच. मला वाटलं, मलाही यानं काही इजा झाली नव्हती.

तिनं त्या रेघेला टेप लावला. भरतीला लागते तेवढी उंची बरोबर भरली. मग तीन वर्षं ती पहाटे बोदलकसा तलावाच्या पाळीवर धावली. शिक्षिकेची नोकरी चालून आली होती, ती सोडली. मैदानावर पहिलंच काम उंचीचं. तिला बाहेर काढायला एक मिनिटही लागलं नाही. फाटकाबाहेर मी पाण्याची बाटली धरून उभा होतो. ती येऊन म्हणाली, "बाबा, घरी तर बराबर भरत होती. मी कमी होऊन राहिली का?"

तेव्हाच सांगायला हवं होतं, सर. मी म्हणालो, "दौडून दौडून मणके दबले असतील."

दबलेलं ताणता येतं, असं तिनं धरलं. अंगणात दोन खांबांवर लोखंडी पाइप बसवला. रोज सकाळी ती त्याला लोंबकळते, पायांना रेतीच्या थैल्या बांधून. आधी एकेक होती, आता दोन-दोन आहेत. पाठ दुखू लागली म्हणून गोंदियाला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी हाडांचा फोटो काढून पाहिला आणि म्हणाले, "बेटी, इस उम्र में हड्डी नहीं बढ़ती. सीधी खड़ी रहो तो जितनी हो उतनी दिखोगी, बस. और ये वजन बाँधना आज से बंद." येताना बसमध्ये ती म्हणाली, "त्यायले काय माहीत? चौकटीवर रेघ हाय ना." डॉक्टरचा फोटो एकीकडे आणि माझी पेन्सिल एकीकडे. तिनं पेन्सिलवर विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी थैल्या पुन्हा बांधल्या.

बायकोला मी मागच्या आठवड्यात सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, लाटणं थांबलं नाही. म्हणाली, "रेघ तुमी ओढली. तुमीच खोडा."

चौकट घासायला कानस घेऊन मी दोनदा उभा राहिलो. पण नुसती घासली तर ती विचारेल, काऊन. पुढची भरती निघाली की ती पुन्हा उंची द्यायला उभी राहणार. तोवर थैल्या किती होतील ते मी मोजत नाही.

तुम्हाला दोष देण्यासाठी हे लिहायला बसलो होतो. तुमची रेघ एका पोराला वर्षभर ताठ चालवून गेली, म्हणून दोष काही नीट लागत नाही. तुम्ही ती कपाटावर ओढली, त्या कपाटाला कोणी टेप लावला नाही. पत्र रूपावलीत ठेवतो आहे. तेवढी ती आणखी जाड होईल.

आज सकाळी ती पाइपवरून उतरली आणि घरात आली. एक चप्पल अंगणातच राहिली होती. आपला एक पाय उघडा आहे हे तिला स्वयंपाकघरापर्यंत कळलं नाही. आईनं दाखवलं तेव्हा ती हसली. मला तिच्या पायांची भीती वाटते, सर. आणि ती रेघ खोटी आहे हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.