गाडीजवळ कोण थांबणार?

चिर्ले,
मंगळवार, जेवणं झाल्यावर

तीर्थस्वरूप हरेश्वरमामांना अमिषाचा वाकून नमस्कार. मामींना पण, आणि तुमच्या ओटीवर आत्ता सुपारी सोलत जे कोण बसलं असंल त्यांना पण.

तुमचा गुडघा कसा हाय? तेल मामी चोळून देते का तुमचं तुम्हीच चोळता? मामीचा खोकला गेला असंल. दिवेआगरच्या वाडीतली नवी रोपं धरली का? आमच्याकडं सगळी बरी हाईत. म्हणजे तब्येतीनं बरी. बाकी जे झालं त्याला बरं म्हणायचं का काय म्हणायचं ते मला कळत न्हाय. तुम्ही म्हणाल ही पोरगी फोन का करत न्हाय. तर मामा, फोनमधी कोण 'हॅलो' म्हणालं की माझं पुढचं सगळं पुसून जातं (गणपतीत तुम्ही फोन केलेला, तेव्हा मी चार मिनिटं नुसती मान हलवत होती). कागद बरा, मधीच काय विचारत न्हाय. शुद्धलेखन बघू नका. नववीतनं शाळा सोडल्यावर मी फक्त ट्रेलरच्या मागचं आणि मोबाईलमधलं वाचलंय.

तर दिपेशदादानं काका-काकींच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून पुण्यात बसून बोटीची तिकिटं काढली. मुंबई ते गोवा आणि परत, तीन दिवस, बोटीतच झोपायचं, बोटीतच जेवायचं. तिसरं तिकीट माझं, का तर इंग्रजी पाट्या वाचायला कोणतरी पाहिजे. येसूकाकी तुमची सख्खी बहीण, तुम्हाला काय सांगायचं, तिला गोवा नको होता. लग्न होऊन आली तशी बारा वर्षं तिनं मिठागरात टोपल्या वाहिल्या, आणि टोपली खाली ठेवून कंबर सरळ केली की समोरनं बोट जाताना दिसायची. तिला एकदा त्या बोटीवर उभं राहून इकडं बघायचं होतं. एवढंच. त्यासाठी तिनं महिनाभर आधी पिशवी भरली, आणि रोज रिकामी करून परत भरली.

काकांचं वेगळं. तिकिटं आली तेव्हा सगळ्यांनी विचारलं बोट केवढी, जेवण काय. दयाकाकांनी विचारलं, गाडी कुठं लावायची? दादा म्हणाला बाबा, टॅक्सीनं जा. झालं! दारात दोन ट्रेलर आणि एक नवी गाडी (हार अजून सुकलेला न्हाय) असताना दयाराम टॅक्सीनं गेला तर बंदरातली माणसं काय म्हणतील, म्हणून घरात तीन दिवस तोच विषय. आणि मामा, ट्रेलरवाल्यांचा नियम तुम्हाला ठाऊक असंल, गाडी एकटी सोडायची न्हाय. ड्रायव्हर जेवायला गेला तर क्लीनर थांबतो, क्लीनर गेला तर ड्रायव्हर. कोण न्हाय थांबला तर बॅटरी गेली, स्टेपनी गेली, डिझेल तर गेलंच. तीस वर्षं हेच केलेला माणूस तीन दिवस गाडी कुठं टाकून जाणार? पण ते तेव्हा मला सुचलं न्हाय. खोटं कशाला बोलू, सुचलेलं. बोलली न्हाय.

तसंच कागदांचं. बोटवाल्यांचा मेसेज आला, सगळ्या प्रवाशांची मूळ ओळखपत्रं आणा. तो मी वाचला, आणि स्वयंपाकघराच्या दारातनं काकांना सांगितला. काका म्हणाले, "घेतलेत सगळे. ओरिजिनल. एक पण झेरॉक्स न्हाय." मी म्हटलं, प्रत्येकाचे लागतील. म्हणाले, "प्रत्येकीचे घेतलेत." मला ते 'प्रत्येकीचे' खटकलं, पण मला वाटलं काकीचं आणि माझं म्हणत असतील. माझं आधार तर माझ्या मोबाईलच्या कव्हरात असतं, मग मी गप्प बसली. मामा, माझ्या गप्प बसण्यानं आतापर्यंत फक्त माझंच नुकसान व्हायचं. त्या दिवशी पहिल्यांदा दुसऱ्याचं होणार होतं.

दहा दिवसांमागं, शनिवारी, बाराला मुंबई बंदरात पोचलो. काकांनी आम्हाला सामानासकट उतरवलं, फाइल काकीच्या हातात दिली आणि म्हणाले, रांग धरा, मी गाडी लावून आलोच. तीन वाजता खिडकी बंद, पाचला बोट. रांग लांब होती, अडीचला आमचा नंबर आला. खिडकीतल्या बाईंच्या छातीवर सुचित्रा असं लिहिलेलं, आवाज फार गोड. काकीनं फाइल दिली. बाईंनी उघडली आणि एकेक पान काढायला लागल्या. पहिल्या ट्रेलरचं आरसी. दुसऱ्या ट्रेलरचं आरसी. दोघींचं फिटनेस. नॅशनल परमिट. नव्या गाडीची पीयूसी. विमा, तिघींचा. तेव्हा मला ते 'प्रत्येकीचे' कळलं. काकांच्या हिशेबात रस्त्यावर अडवतात ती गाडी, माणसाला कोण कधी अडवत न्हाय. तीस वर्षं एका पण नाक्यावर काकीचा कागद कोणी मागितलेला न्हाय, मग ती गाडीबरोबर तशीच आत जाणार, टपावर बांधलेल्या ताडपत्रीसारखी.

सुचित्राबाईंनी सगळी फाइल चाळली आणि म्हणाल्या, "ताई, यात तुम्ही कुठे आहात?"

काकीनं फाइल आपल्याकडं ओढली, चष्मा लावला, आणि विम्याच्या कागदावर तळाला बोट ठेवलं. "ही काय मी. नॉमिनी."

बाई म्हणाल्या, "त्यासाठी आधी साहेबांना काहीतरी व्हावं लागेल."

मागची रांग हसली. काकी पण हसली, पण तिचा हात पिशवीच्या बंदावर घट्ट आवळलेला मी बघितला. (आणि बोटीवर चढायला चालतं असं लायसन काकांच्या खिशात! आमच्या तिघांत ज्याला बोटीचं काय पडलेलं न्हाय त्याचा कागद पक्का. आणि काका कुठं? गाडी लावायला. फोन केला तर उचलेनात.)

बाई भल्या. म्हणाल्या मोबाईलमधी सरकारी ॲपवर आधार उघडून दाखवा, चालेल. मी ॲप घेतलं, काकीचा आधारचा नंबर तिला तोंडपाठ होता तो घातला. आता त्याचा ओटीपी आला पाहिजे. कुठं आला? सदाकडं! सदा म्हणजे काकांचा जुना ड्रायव्हर, हल्ली दुसऱ्याचा टेम्पो चालवतो. आधार काढायच्या दिवशी काकीकडं मोबाईल नव्हता, काका ट्रिपवर, तर सदानं तिला नेलेलं आणि आपला नंबर लावून टाकलेला. तेव्हापासून सरकारच्या दृष्टीनं येसूकाकीला काय सांगायचं असलं तर सदाला सांगायचं. काकी म्हणाली, "लाव गो त्याला फोन." तिच्या फोनमधलं चार्जिंग संपलेलं. माझ्या फोनवरनं, मामा. मी. परक्या माणसाला. चारशे माणसांच्या समोर.

सदा माणगावला हायवेवर ट्रॅफिकमधी अडकलेला, म्हणून उचलला तरी. मी म्हटलं, मी अमिषा, दयाकाकांची पुतणी, तुम्हाला सहा आकडे आलेत ते सांगा. तर म्हणतो, "कोण? अमिषा? ती कुठं बोलते? सात वर्षं त्यांच्या दारात च्या प्यायलो, त्या पोरीचा आवाज ऐकला न्हाय. खरं सांग, कुठल्या टोळीतली हाईस? ओटीपी मागणाऱ्या सगळ्या अशाच बारीक आवाजात बोलतात." मी जेवढं बोलत गेली तेवढी कमी अमिषा होत गेली. शेवटी काकीनं फोन ओढला आणि म्हणाली, "सदा, मी वयनी." तर तो म्हणाला, "वा! आता दुसरी आली, वहिनीचा आवाज काढून. दोघी दोघी बसल्यात कामाला!" तेवढ्यात पहिले आकडे बाद झाले. परत मागवले. फोन परत माझ्या हातात. घड्याळात पावणेतीन. मी तोंड उघडलं आणि काहीच निघेना. नुसतं नाक वाजत होतं. तिकडं पण तो गप्प, मागं हॉर्न. असं किती वेळ झालं ठाऊक न्हाय. मग सदा एकदम हळू आवाजात म्हणाला, "अमिषा? रडतेस का गं? हां, आता पटलं, तूच. लिहून घे."

मामा, माझ्याकडं एवढे कागद असून माझी ओळख पटली ती गप्प बसून. हसायचं का रडायचं ते तुम्ही ठरवा.

आधार उघडलं, काकीचा फोटो दिसला (रागावल्यासारखा, पण तीच), बाईंनी मान हलवली, आणि तेवढ्यात काकांचा फोन. मी स्पीकरवर टाकला. एकदम खुशीत. "येसू, गाडी लागली गो! मस्त सावलीत. बाळाजी हाय राखायला." काकी म्हणाली, कोण बाळाजी? मला मात्र बाळाजी म्हटल्या म्हटल्या सगळं कळलं, कारण बाळाजी आमच्या चिर्ल्याच्या कंटेनर यार्डाचा वॉचमन! मुंबईत काकांनी तीन पार्किंग बघितली. पहिल्या ठिकाणी माणसानं चावी मागितली (चावी! अनोळखी माणसाला!), दुसऱ्या ठिकाणी वर छप्पर न्हाय, आणि तिसरं जमिनीच्या खाली, तर काका म्हणाले मला गाडी लावायचीय, पुरायची न्हाय. मग भरवशाचं पार्किंग म्हणून अटल सेतूवरनं टोल भरून सरळ घरी. आणि वरनं म्हणतात, "अर्ध्यापाऊण तासात रिक्षा, बस काय मिळंल ते धरून येतो. बोटवाल्याला सांग, शेठ येतायत, थांब जरा." जसं काय बंदराच्या गेटवर ट्रेलर एकमेकांसाठी थांबतात.

खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं. सुचित्राबाईंनी विचारलं, तिघं का दोघं? मला वाटलं काकी आता पिशवी उचलणार आणि आम्ही घरी. तीस वर्षांत ती काकांशिवाय उरणच्या नाक्याच्या पलीकडं एकटी गेलेली न्हाय, माहेरी तुमच्याकडं यायचं तरी काका सोडायला येतात. तिनं फोनकडं बघितलं. मग समोरच्या काचेतनं बोटीकडं बघितलं, पांढरी, तुमच्या बोर्लीचा आख्खा बाजार तिच्यात उभा राहील एवढी. आणि फोनला म्हणाली, "अहो, सावलीत हाय ना गाडी? मग तुम्ही पण सावलीतच थांबा." आणि बाईंना म्हणाली, "दोघी."

मी काय सांगू मामा, मला वाटलं आता छप्पर कोसळणार. कोसळलं न्हाय. आम्हाला गळ्यात अडकवायला कार्डं दिली.

बोटीतलं सगळं सांगत बसली तर वही संपेल. संध्याकाळी बोट हलली तशी काकी कठड्याला चिकटून उभी राहिली, च्यासुद्धा घेतला न्हाय. उरणची बाजू आली तेव्हा लांब आत ऊन पडलेला एक तुकडा चमकत होता, फुटक्या आरशाएवढा. "ती बघ आपली मिठागरं," म्हणाली. कठड्यावरनं अजून थोडी वाकली. मग म्हणाली, "एवढंसंच होतं व्हय?" पदरानं डोळे पुसले आणि वारा लागतोय म्हणाली. तेवढ्यात काकांचा फोन. ते गाडी घेऊन पीरवाडीच्या किनाऱ्यावर येऊन थांबलेले. मला बोट दिसते, मी दिसतो का म्हणून विचारत होते, आणि भर उजेडात गाडीचे दिवे चालू-बंद करत होते. आम्हाला किनाऱ्यावर एक ठिपका पेटताना विझताना दिसला. काकीनं हात हलवला (तो त्यांना काय दिसणार!) आणि फोनमधी ओरडली, "दिसलात! आता बंद करा, बॅटरी उतरंल!"

गोवा ठीक होता. त्या सोमवारी परत आलो तर काका बंदरात न्यायला आलेले, गाडीतनं न उतरता.

आता पुरे करते, बोटं दुखायला लागली. तुम्ही गुडघ्याला जपा, मामींना माझं नाव सांगून काढा प्यायला द्या. मोठ्यांच्या पाया पडते, लहान कोण असतील त्यांना पापा.

तुमची,
अमिषा

ता. क. : काकांनी मला हे पत्र ज्यासाठी लिहायला बसवलं ते वर राहूनच गेलं. काकी रोज कोणाला तरी बोटीचं सांगते आणि काका रोज बाहेर जाऊन टायर तपासतात. शेवटी काल त्यांनी स्वतः दादाला सांगून दिवाळीनंतरची तीन तिकिटं परत काढायला लावली. गाडी मुंबईतच लावायचं मान्य केलंय, छप्पर असलं तर. फक्त गाडीजवळ आपलं माणूस पाहिजे, आणि त्यांच्या मते मेव्हण्यासारखं भरवशाचं माणूस न्हाय. तर तुम्ही तीन दिवस पार्किंगमधी गाडीत बसाल का? सीट पूर्ण मागं जाते. गुडघा लांब करता येतो, मी बसून बघितलं. डबा काकी करून देईल.

ता. क. २ : वरचं ता. क. तेवढं काकांनी वाचलं आणि खूश होऊन झोपले, म्हणून आता लिहिते. काकी म्हणते, तुम्ही या, पण गाडीसाठी न्हाय. लहानपणी तुम्ही दोघं दिवेआगरच्या किनाऱ्यावर बसून बोटी मोजायचात, आणि तुम्ही तिला फसवून दोन जास्त सांगायचात, असं ती म्हणते. प्रवाशांची नावं भरायचं काम माझ्याकडं हाय. काकीनं माझ्या शेजारी बसून तिसरं नाव तुमचं भरायला लावलं. मी भरलं मामा. गाडीजवळ तर काका थांबतीलच, त्यांच्याएवढं कोण जपणार न्हाय. तुम्ही फक्त तुमचं आधार आणा. मूळ. तुमचंच.

ता. क. ३ : हे काकांना कोण सांगणार ते विचारलं, तर काकी म्हणाली, अमिषा सांगेल, आता ती बोलायला लागली. मामा, तुमच्या पाया पडते, तुम्ही सांगा. रविवारी दुपारी फोन करा, तेव्हा ते गाडी धूत असतात आणि मन जरा मऊ असतं. घरी येऊन मात्र सांगू नका. हातात पाण्याचा पाइप असतो.